मधला की भारीतला: एका उंच खुर्चीची हकिकत

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. मी खुर्ची आहे, स्टूल नाही. मला पाठ आहे, दोन हात आहेत, वेताने विणलेली बैठक आहे. पाय तेवढे इतर खुर्च्यांपेक्षा हातभर लांब आहेत. पण पाय लांब म्हणून कुणी खुर्चीचं स्टूल होत नाही. तरी घरात येणारा प्रत्येक पाहुणा दारातूनच विचारतो, "हे स्टूल कुठून आणलंत हो?" आणि वर माझ्यावर चढायला जातो. मग त्याची जी धडपड होते ती मी मुकाट्याने बघते. मदत करत नाही.

मी जुनी आहे. किती? माझा माणूस पहिल्यांदा माझ्यावर बसला तेव्हा त्याला मिशा फुटून फार दिवस झाले नव्हते. आता त्या पांढऱ्या होऊन, कंटाळून त्याने काढूनही टाकल्या. यावरून काय तो हिशोब करा.

माझा जन्म एका सिनेमा थिएटरात झाला. तिथे वरच्या मजल्यावर एक अरुंद केबिन होती. केबिनीत सिनेमा दाखवायची दोन मशिनं आणि समोरच्या भिंतीत वीतभर खिडकी. त्या खिडकीतून खाली पडदा दिसायचा. मशीन चालवणाऱ्याला ऑपरेटर म्हणत. आधीचा ऑपरेटर उभ्याने काम करून करून गुडघ्यांतून गेला, तेव्हा मालकाने सुताराला सांगितलं, नव्या माणसाला बसायला काहीतरी करून दे.

सुताराने माप कसं घेतलं, ऐका. टेप काढलाच नाही त्याने. नव्या ऑपरेटरला रिळांच्या रिकाम्या डब्यावर बसवलं आणि विचारलं, "दिसतो का पडदा?" नाही. दुसरा डबा. नाही. असं करत करत सातव्या डब्यावर ऑपरेटर म्हणाला, "आता दिसतो. चारही कोपरे." बास! सात डबे ही माझी उंची ठरली. ती कुणा दुकानातून आलेली नाही, एका माणसाच्या डोळ्यांतून आलेली आहे. म्हणून माझी मान जरा ताठ असते. असू दे.

चाळीस वर्षं आम्ही दोघांनी सिनेमे दाखवले. दिवसाला तीन खेळ. त्या मशिनांचा आवाज म्हणजे विचारू नका. एका खोलीत पन्नास शिवणयंत्रं कोंबून सगळी एकदम चालवली तर होईल तेवढा. केबिनीत आवाज ऐकायला एक छोटा स्पीकर होता म्हणे, पण तो मी यायच्या आधीच बंद पडलेला. त्यामुळे गंमत अशी, की हजारो सिनेमे दाखवलेल्या या माणसाने एकाही सिनेमातलं बोलणं धड ऐकलेलं नव्हतं. नटी ओठ हलवते, नट मुठी आवळतो, म्हातारी डोळे पुसते, एवढ्यावर त्याला गोष्ट कळायची. आणि बरोबर कळायची हो.

मग खाली लोकांना आवाज नीट येतोय की नाही, हे त्याला कसं समजायचं? डोक्यांवरून. खिडकीतून प्रेक्षकांची डोकी दिसायची. सगळी डोकी पडद्याकडे म्हणजे आवाज ठीक. चार डोकी मागे वळून केबिनीकडे बघायला लागली, की आवाज बिघडला. तो लगेच माझ्यावरून उडी मारायचा आणि मशिनाला हात घालायचा. दर महिन्याला सिनेमा कंपनीचा माणूस तपासणीला यायचा. तो म्हणायचा, "चित्र बघावं तर या थिएटरात." कौतुक ऑपरेटरचं व्हायचं, पण बसलेला तो माझ्यावर होता, तेव्हा त्यातला अर्धा वाटा मी मनातल्या मनात काढून घ्यायची.

मग एक दिवस मशिनंच गेली. त्यांच्या जागी एक पेटी आली. बटण दाबलं की सिनेमा सुरू, बटण दाबलं की बंद. पेटीला ऑपरेटर लागत नव्हता. निरोपाच्या दिवशी मालकाने हार घातला आणि विचारलं, "आठवण म्हणून काय देऊ?" ऑपरेटर म्हणाला, "माझी खुर्ची द्या." लोक हसले. मी नाही हसले. मला भरून आलं होतं, पण मी लाकडाची असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

घरी आले आणि माझा रुबाब उतरला. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत एक मोठी खिडकी, खिडकीसमोरच्या भिंतीवर टीव्ही, एक सोफा, आणि मागच्या भिंतीला टेकवलेली मी. आत स्वयंपाकघर, मध्ये पडदा. घरात ऑपरेटर, त्याची बायको, मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात. नातीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. माझ्या लांब पायांचा उपयोग या लोकांनी काय करावा? वाळलेले, घडी न घातलेले कपडे माझ्यावर टाकायचे! ऑपरेटर आंघोळीला गेला की माझ्या डोक्यावर टॉवेल, मांडीवर पायजमे. थिएटरातून आलेल्या बाईमाणसाला ही वागणूक.

आता ऑपरेटरच्या बायकोविषयी सांगते. तिला मी बाई म्हणते. बाईचा आवाज बारीक, पण शब्दांना धार अशी, की भाजीवाल्याने तिला पाहिलं की तो आपणहून किडकी वांगी बाजूला काढायचा. चाळीस वर्षं तिच्या सगळ्या संध्याकाळी एकटीने गेल्या होत्या. नवरा सिनेमा दाखवायला. लोकांच्या बायका संध्याकाळी नवऱ्याबरोबर नदीकाठच्या रस्त्याने फिरायला जात, आणि त्यातल्याच काही पुढे थिएटरात जाऊन बसत. म्हणजे तिचा नवरा तिच्या शेजारणींची करमणूक करत होता. हे ती कुणाला बोलली नाही. ती मानी बाई आहे.

मी घरी आल्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. ऑपरेटर मला खिडकीकडे वळवून माझ्यावर बसला होता आणि बाहेर बघत होता. बाई त्याच्या पाठीमागे उभी राहून टॉवेलची घडी घालत होती. तिने विचारलं, "अहो, आता संध्याकाळ आपली झाली. रोज माझ्याबरोबर फिरायला याल का?"

ऑपरेटर काही बोलला नाही.

तिने त्याच टॉवेलची तीनदा घडी घातली. तीनदा मोडली. मग टॉवेल माझ्या पाठीवर टाकला आणि आत गेली. परत तो प्रश्न तिने विचारला नाही.

मित्रांनो, तिथून या घरात बर्फ पडायला लागला. बाई काही सांगायची, ऑपरेटर कधी "हं" म्हणायचा, कधी तेही नाही. मग तिनेही सांगणं सोडलं. जेवायला वाढलं की ती ताट आपटायची, तेच बोलावणं. भिंगरी आधी "आजोबा, आजोबा" करत यायची, तीही कमी झाली. मुलाशी मात्र तो बोलायचा. मुलगा छापखान्यात काम करतो, मशिनांत राहून त्याला ओरडून बोलायची सवय. बाई ते बघायची आणि ओठ आवळायची. मुलाशी बोलायला जीभ आहे, माझ्याशी बोलायला नाही! मलाही तसंच वाटायचं. वर तो माझ्यावर हल्ली तिरका बसायचा, उजवीकडे कलून. मला वाटलं, माझाच एक पाय झिजून आखूड झाला असावा. त्या काळजीने मी रात्रंदिवस कुरकुरत होते.

टीव्हीसमोरही तेच. सगळे सोफ्यावर बसून हसत असायचे आणि हा मागे माझ्यावर, खिडकीकडे तोंड करून. मुलगा विचारायचा, "बाबा, बघत का नाही?" तो म्हणायचा, "चित्र बरोबर नाही."

आता ज्या माणसाने चाळीस वर्षं चित्र दाखवलं, तो म्हणतोय चित्र बरोबर नाही. त्याच्यापुढे कोण बोलणार?

असं वर्ष गेलं आणि टीव्हीच्या पडद्यावर एक उभी रेघ आली. एकाच्या चार झाल्या, चाराच्या चौदा. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला आणि जाताना त्याने टीव्हीच्या डोक्यावर हात ठेवला. समजलो आम्ही.

नवा घ्यायचा ठरला आणि घरात दोन पक्ष पडले. दुकानात दोन टीव्ही बघून ठेवले होते. एक भारीतला: पातळ, मोठा, काळोखात काळाकुट्ट आणि उजेडात झगझगीत. दुसरा मधला: चांगला, पण त्याच्या अंगावर तसा तोरा नाही. मुलगा म्हणत होता भारीतला. सून म्हणत होती मधला. भारीतला घेतला तर बाजूला ठेवलेले सगळे पैसे जातील, मधला घेतला तर अडीअडचणीला काही उरेल.

"आपल्या डोळ्यांना एवढा फरक कळणार आहे का?" सून म्हणाली.

"बाबांच्या डोळ्यांना कळेल," मुलगा म्हणाला.

बाई कोथिंबीर निवडत होती. ती वर न बघता म्हणाली, "भारीतलाच आणा. आमच्या साहेबांना साधं चित्र चालत नाही. साधं काहीच चालत नाही. निदान त्या चित्राकडे तरी तोंड करून बसतील."

साहेब तिथेच माझ्यावर बसले होते. ते खिडकीबाहेरच बघत होते. पण बाईची बोटं कोथिंबिरीत थांबली होती, ते मी वरून पाहिलं. तिला टीव्ही नको होता हो. नवऱ्याचं तोंड खिडकीकडून घराकडे वळावं, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी ती घरातलं होतं नव्हतं ते घालवायला निघाली होती. आता भारीतला आणूनही तो वळला नाही, तर? तर तिच्याकडे पुढचा उपाय नव्हता. 

निघायच्या दिवशी ऑपरेटर म्हणाला, "खुर्ची घ्या बरोबर."

"काय?" मुलगा ओरडला.

"उभं राहून चित्र पारखत नाहीत. जिथून बघायचं, त्याच उंचीवरून पारखायचं." आणि त्याने माझ्या पायापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, गुंडाळून खिशात ठेवली. अंतराचं माप.

"अहो बाबा, लोक काय म्हणतील?" सून म्हणाली. पण तोपर्यंत मुलाने मला खांद्यावर घेतलं होतं.

आम्ही बसने गेलो. मी बसच्या मधल्या वाटेत उभी, माझ्या पायांत भिंगरी शिरलेली. कंडक्टर आला आणि म्हणाला, "या स्टूलचं तिकीट लागेल."

बाई म्हणाली, "खुर्ची आहे ती. आणि बाकी सगळ्या बसमध्ये बसायला जागा नाही, आम्ही आमची जागा घेऊन आलोय. तुम्हीच आम्हाला काहीतरी द्यायला हवं."

पुढचे दोघेतिघे हसले. कंडक्टर मुकाट पुढे गेला. बाईविषयी माझं मत तेव्हाच चांगलं झालं. स्टूल नाही म्हणाली ना!

टीव्हीचं दुकान म्हणजे आतल्या भिंतीवर तीस पडदे, तिसांवर मासे चमकावेत तसे रंग. भारीतला टीव्ही वेगळा, कोपऱ्यातल्या अंधारात ठेवलेला, देवघरात ठेवावा तसा. दुकानातली मुलगी पुढे आली. निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले, आवाज गोड. मला बघून तिच्या भुवया वर गेल्या, पण ती हसली नाही. शहाणी मुलगी.

ऑपरेटर म्हणाला, "दोन्ही शेजारी लावा. एकाच उंचीवर. आणि हा अंधार घालवा. आमच्या घरी खिडकी आहे."

मुलीने दिवे लावले, माणसं बोलावून भारीतला बाहेर काढला, मधल्याच्या शेजारी टेबलावर ठेवला. ऑपरेटरने सुतळी सोडली, गाठीवर मला उभं केलं आणि चढून बसला. वर्षभरात पहिल्यांदाच तो माझ्यावर सरळ बसला. माझी पाठ आणि त्याची पाठ, दोन्ही ताठ. दुकानातली दुसरी गिऱ्हाइकंही आपले टीव्ही सोडून आमच्या दोन टीव्हींपुढे येऊन बघायला लागली.

दोन्हीकडे एकच चित्र लावलं. समुद्र, मग गर्दी, मग रात्रीचं शहर, मग नुसती पांढरी अक्षरं. तो कडा बघत होता, कोपरे बघत होता. मग म्हणाला, "भारीतल्याचा काळा हा खरा काळा आहे. असा काळा मी आयुष्यात दाखवला नाही. पण तो काळा बघायला खोलीही काळी पाहिजे. आपल्या खोलीत, एवढ्या लांबून, या दोघांत भांडण लावण्यासारखं काही नाही. मधला चोख आहे."

सुनेने सुटकेचा श्वास टाकला. पण बाई भडकली. तिने मागून, तिच्या त्या बारीक आवाजात विचारलं, "मग वर्षभर चित्र बरोबर नाही, चित्र बरोबर नाही, हे काय चाललं होतं?"

ऑपरेटर पडद्याकडे बघत राहिला.

"बघ," बाई सुनेला म्हणाली. "लोकांदेखत सुद्धा उत्तर नाही. भिंतीला तरी ओल येते."

दुकानातली मुलगी अवघडली. ती पटकन म्हणाली, "आता आवाज ऐकवते हं," आणि तिने दोन्हींवर एक गाणं लावलं. एक बाई माडीवर उभी राहून गात होती. पण दोन ओळी होतात न होतात, तोच मुलीचा फोन वाजला. "एक मिनिट हं," म्हणत तिने दोन्ही टीव्हींचे आवाज बंद केले आणि फोन घेऊन बाजूला गेली.

दुकान गप्प झालं. पडद्यांवरच्या दोन्ही बायका तोंड उघडून मुक्याने गात होत्या. ऑपरेटर मान डोलावत बघत होता.

मुलाने त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, आवाजाचं काय?"

"आवाज दोन्हींचा छान आहे," ऑपरेटर म्हणाला. "मधल्याचा जरा जास्त मोकळा."

 मुलाने सुनेकडे बघितलं, सुनेने माझ्याकडे. मी काय सांगणार?

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "आवाज तर बंद आहे."

आजोबांनी तेही ऐकलं नाही.

मग बाई पुढे आली. माझ्या अगदी मागे येऊन उभी राहिली. तिचा हात माझ्या पाठीच्या फळीवर पडला. तिने नेहमीच्याच आवाजात हाक मारली, "अहो." तो हलला नाही. "अहो, ऐकलं का?" नाही. मग ती म्हणाली, "अहो, तुमच्या शर्टावर पाल चढली आहे."

ज्या माणसाला पालीची एवढी धास्ती, की एकदा चालू खेळात केबिन सोडून जिन्यात जाऊन उभा राहिला होता, तो माणूस शांतपणे गाणं बघत बसला.

बाईची बोटं माझ्या फळीवर घट्ट आवळली गेली. मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ हात पडले आहेत, पण असा नाही. मग ती वळसा घालून पुढे गेली आणि दोन टीव्हींच्या मध्ये, त्याच्या समोर उभी राहिली. मी उंच, तो माझ्यावर, त्यामुळे तिला मान वर करून बोलावं लागलं. तिने एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. "आता येतंय की."

"आता नाही. मागून. आतून. वर्षभर."

त्याने मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तू बोलायची थांबली होतीस ना?"

"मी थांबले होते?" बाई म्हणाली. "मी?"

"घर एकदम शांत वाटायचं. मला वाटलं, मशीन नसलं की शांतता अशीच असते. आणि तू रागावलेली दिसायचीस. चाळीस वर्षं संध्याकाळी घरी नव्हतो, म्हटलं, रागावण्यासारखंच आहे. काय तोंडाने विचारू?"

"आणि ते चित्र?"

"सगळे हसायचे, आणि मला गोष्टच कळायची नाही. मला तर नुसत्या चित्रावरून गोष्ट कळते. हल्ली पडद्यावरची माणसं सोफ्यावर बसून नुसते ओठ हलवतात. म्हटलं, चित्रातच काहीतरी कमी आहे."

"आणि बाबा, आत्ता आवाज छान कसा म्हणालात?" मुलाने विचारलं.

ऑपरेटरने दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बोट केलं. "सगळी डोकी पुढे होती. कुणी मागे वळून बघत नव्हतं."

मला वाटलं बाई आता रडणार. तिचा चेहरा तसा झालाही होता. पण ती हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग पदराआड, मग उघड, इतकी की तिला मधल्या टीव्हीच्या टेबलाला धरावं लागलं. "मला टाळत नव्हतात तुम्ही!" ती म्हणत होती. "बहिरे झालात! अहो, नुसते बहिरे झालात!" एखाद्याला बढती मिळाल्यावर सांगावं, तशी ती बातमी ती सगळ्या दुकानाला सांगत होती. "वर्षभर मी या माणसाला मनातल्या मनात काय काय नावं ठेवली, माहीत आहे?"

"मनातल्या मनात होय?" सून हळूच म्हणाली.

हसून झाल्यावर बाईने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि परत त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. सगळी गिऱ्हाइकं बघत होती, ती बघू देत. ती म्हणाली, "मी तुम्हाला एक गोष्ट विचारली होती. रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला याल का?"

"कधी विचारलीस?"

"ते सोडा. याल का?"

"येतो की," ऑपरेटर म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

एवढंच उत्तर. यासाठी एक वर्ष गेलं.

मीही तेव्हा मोकळा श्वास सोडला. कारण तो उजवीकडे कलून का बसायचा, ते मला कळलं. डावा कान मशिनाच्या बाजूचा, तो जास्त गेलेला, म्हणून उजवा पुढे करायचा. माझा पाय आखूड झालेला नव्हता! माझे चारही पाय आजही सारखे आहेत, कुणालाही मोजून बघू दे.

तेवढ्यात दुकानातली मुलगी फोन संपवून आली. तिने आवाज परत सुरू केले आणि विचारलं, "मग, काय ठरलं?"

"मधला," बाई म्हणाली. "भारीतला तुमच्या अंधारात परत ठेवा. आम्हाला आधी कानांचं बघायचं आहे."

पुढचं लांबवत नाही. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेटरला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि म्हणाल्या, की जाड आवाज येतात, बारीक आवाज गेलेत. म्हणूनच मुलाचं ऐकू यायचं आणि बायको-नातीचं नाही. सुनेने जे उरेल म्हटलं होतं, त्यातून कानाची दोन छोटी मशिनं आली. पहिल्या दिवशी तो फार वैतागला. पाण्याचा नळ ओरडतो म्हणाला, कागद ओरडतो म्हणाला, आणि मी, मी कुरकुरते म्हणाला! चाळीस वर्षं मी त्याच्या बुडाखाली कुरकुरत होते आणि त्याला आज कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या सांध्यांत तेल सोडलं.

मधला टीव्ही भिंतीवर लागला. सज्जन आहे. तोरा नाही, पण रंग खरे, आणि दिवसा खिडकी उघडी असली तरी चेहरे दिसतात. त्याची माझी नजरानजर होते, तेव्हा मी मान हलवते. त्याची निवड माझ्यावर बसून झाली, हे त्याने विसरू नये.

पण संध्याकाळी त्याला कुणी लावत नाही. त्या वेळी बाई आरशासमोर उभी राहून केस सारखे करते आणि तिथूनच, पाठमोरी, तिच्या बारीक आवाजात म्हणते, "अहो, चप्पल घाला." आणि ऑपरेटर माझ्यावरून उतरतो. नदीकाठच्या रस्त्याने दोघं जातात. परत येतात तेव्हा जिन्यातूनच बाईचा आवाज ऐकू येतो. शेजारणीच्या मुलीचं लग्न कसं मोडलं, स्वतःचा गुडघा कुठल्या महिन्यात कसा दुखला, सुनेला बढती कशी मिळाली, सगळं वर्ष ती त्याला पहिल्यापासून सांगते आहे. अजून पाच महिने सांगायचे बाकी आहेत. तो मध्येच म्हणतो, "थांब, त्या गुडघ्याचं परत सांग," आणि ती चिडून म्हणते, "लक्ष कुठे असतं तुमचं?" आणि परत सांगते. कधीकधी भांडतातही. मग दोघांचे आवाज चढतात आणि भिंगरी कानांवर हात ठेवते.

तेवढा वेळ घरात मी एकटी असते. बैठक रिकामी. कधी कुणी एखादा टॉवेल टाकून गेलेलं असतं. पूर्वी रिकामं राहण्याचा मला अपमान वाटायचा. आता खाली चपलांचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत राहते आणि मला फार हलकं वाटतं.

मित्रांनो, जुन्या खुर्चीला कधीतरी तेल द्या, तिच्यावर ओले कपडे टाकू नका, हे तर मी म्हणणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर आत जाऊन भांडी आपटू नका. उठा, चार पावलं चाला, त्या माणसाच्या समोर जाऊन उभे राहा, आणि तुमचा प्रश्न पुन्हा एकदा विचारा.